माणसांची पारख आणि मैत्रीचे शील : आचार्य धर्मानंद कोसंबी

चंदनसार येथील आमच्या निवासी विद्यालयाची ही स्मरणिका सिद्ध होत असताना थोरांच्या चरित्रांचा विभाग कोणाकोणाच्या नावे असावा, याची चर्चा झाली. सम्राट अशोक, महात्मा जोतीराव फुले आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर ही नावे कोणी सुचवण्याची गरजच नव्हती. आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे नाव निघाले, तेव्हा मात्र मतभेद झाले. ज्यांचे अनेक मित्र काँग्रेसच्या, ब्राह्मणी परंपरेच्या आणि भांडवलदारांच्या वर्तुळातले होते, जे स्वतः गांधीजींच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले आणि ज्यांनी शेवटचा श्वास सेवाग्रामच्या आश्रमात घेतला, त्यांचे चरित्र आंबेडकरी बौद्धांच्या शाळेने का छापावे, असे आमच्यापैकी काहींनी विचारले. पुणे कराराची सल ज्या समाजाच्या मनात आजही आहे, त्या समाजात हा प्रश्न कोणी विचारला, म्हणून त्याला दोष देता येणार नाही.

आम्ही त्या प्रश्नाला बगल दिली नाही. उलट त्या प्रश्नामुळेच हे चरित्र लिहावे, असे ठरले. माणूस कोणाच्या पंगतीत बसतो, कोणत्या झेंड्याखाली उभा राहतो, त्याचे आडनाव काय, एवढ्यावरून त्याची किंमत ठरवण्याची सवय आज लहान मुलांनाही लागली आहे. धर्मानंदांचे आयुष्य या सवयीला उत्तर देणारे आहे. त्यांच्या मित्रांमध्ये ब्रह्मोपासक होते, जैन मुनी होते, अमेरिकन ख्रिस्ती प्राध्यापक होते, महाराज होते, उद्योगपती होते आणि समाजवादीही होते. यांपैकी बहुतेकांशी त्यांचे मोठमोठ्या विषयांत पटत नसे. तरीही ती मैत्री टिकली, आणि टिकवण्यासाठी त्यांनी आपले मत कधी गिळले नाही.

राजा प्रसेनजित आणि चार कसोट्या

चरित्राकडे वळण्यापूर्वी तथागतांच्या एका उपदेशाचे स्मरण करणे उचित होईल. श्रावस्तीच्या पूर्वारामात भगवान बसले असताना कोसलचा राजा प्रसेनजित त्यांच्या भेटीस आला होता. त्या वेळी जवळून काही जटाधारी, निर्ग्रंथ आणि परिव्राजक जात होते. राजाने उठून गुडघा टेकला, त्यांना हात जोडले आणि हे जगातील अर्हतांपैकीच आहेत, असे भगवानांना सांगितले. भगवानांनी त्याला अडवले. संसारात गुंतलेल्या माणसाला हे ओळखणे सोपे नाही, असे सांगून त्यांनी चार गोष्टी समजावल्या. माणसाचे शील त्याच्या सहवासात राहून कळते. त्याचा प्रामाणिकपणा त्याच्याशी व्यवहार करून कळतो. त्याचे मनोबल आपत्तीच्या वेळी कळते, आणि त्याची प्रज्ञा त्याच्याशी चर्चा करून कळते. हे सारे कळायलाही दीर्घ काळ लागतो, आणि पाहणारा सावध व विचारी असावा लागतो. राजाने तेव्हा कबूल केले, की ते लोक साधू नसून त्याचेच हेर होते. वेष उतरवून ते घरी सुखाने राहणार होते.

वेषावरून पारख करू नये, हा या कथेचा अर्थ सर्वांना ठाऊक असतो. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र विसरला जातो. पारख करूच नये, असे भगवानांनी सांगितलेले नाही. पारख करावी, पण ती सहवास, व्यवहार, आपत्ती आणि चर्चा या चार वाटांनी करावी, आणि घाई करू नये. धर्मानंदांच्या आयुष्याची पाने चाळताना या चार वाटा आम्हाला पुनःपुन्हा दिसल्या.

साखवाळ ते सिंहलद्वीप

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. पोर्तुगीज अमलातील त्या खेड्यात शिक्षणाची सोय बेताचीच होती. नारळीच्या बागा आणि घरची शेती सांभाळण्यात त्यांचे तारुण्य जाऊ लागले. लहान वयातच त्यांचा विवाह बाळाबाईंशी झाला. शाळेत जे मिळाले नाही, ते त्यांनी मराठी पुस्तके आणि मासिके वाचून मिळवले. बुद्धाची पहिली ओळख त्यांना ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील एका छोट्या चरित्रलेखातून झाली. हे मासिक ख्रिस्ती मिशनऱ्यांनी चालवलेले होते. महाराष्ट्रातील एका मोठ्या बौद्ध पंडिताच्या आयुष्याचा आरंभ ख्रिस्ती मासिकाच्या एका पानावरून व्हावा, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या लेखाने त्यांच्या मनात जी ओढ निर्माण केली, ती त्यांना स्वस्थ बसू देईना. १८९९ च्या अखेरीस, पदरात तान्ही मुलगी असताना, ते घर सोडून निघाले. बाळाबाई आणि लहानगी माणिक मागे राहिल्या. पुढे सुमारे सात वर्षे त्या माउलीने काय सोसले असेल, याची कल्पनाच करावी लागते. चरित्रकार अशा ठिकाणी सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाची उपमा देऊन मोकळे होतात. आम्हाला ते योग्य वाटत नाही. ज्ञानाच्या त्या प्रवासाची किंमत ज्या स्त्रीने मोजली, तिचे नाव या चरित्रात पहिल्या ओळींत यायला हवे, म्हणून आम्ही ते लिहिले आहे.

पुण्यात आल्यावर त्यांना आधार दिला तो डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी. भांडारकर हे संस्कृतचे जगन्मान्य पंडित आणि प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ होते. एका ईश्वराची उपासना हा त्यांच्या धर्माचा गाभा होता. समोर उभा होता तो ईश्वर न मानणाऱ्या धर्माच्या शोधात निघालेला एक अनोळखी, अल्पशिक्षित तरुण. त्यांनी त्याला दूर लोटले नाही. तेथून धर्मानंद ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. मग नेपाळात गेले. तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून खिन्न झाले. बोधगयेवरून कलकत्त्याला आणि तेथून सिंहलद्वीपात पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांच्या चरणी बसून त्यांनी पालीचा अभ्यास केला आणि १९०२ साली श्रामणेर दीक्षा घेतली. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी अध्ययन व साधना केली.

या पायपिटीत त्यांनी जे पाहिले, त्याने त्यांची दृष्टी घडली. काशीत त्यांना विद्वान ब्राह्मणांनी संस्कृत शिकवले, आणि त्याच काशीत जातीच्या अहंकाराचेही दर्शन झाले. बौद्ध देशांत त्यांना करुणा भेटली, तशी आळसावलेली मठसंस्थाही भेटली. कोणताही समाज सरसकट चांगला किंवा सरसकट वाईट नसतो, हे त्यांना ग्रंथांनी शिकवण्याआधी प्रवासाने शिकवले.

पन्नास रुपयांचा करार

१९०६ मध्ये धर्मानंद कलकत्त्यास आले. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस होते. तेथील नॅशनल कॉलेजात आणि नंतर विद्यापीठात त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. हरिनाथ डे यांच्यासारखे बहुभाषी पंडित त्यांचे स्नेही झाले. मान आणि पगार दोन्ही चांगले होते. परंतु त्यांच्या मनात एकच विचार घोळत होता. आपल्या मराठी माणसांना बुद्ध कोण होता, हे ठाऊक नाही; आणि आपण मात्र दूर बंगालमध्ये शिकवीत बसलो आहोत.

अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून साहाय्य मिळाले. महाराष्ट्रात कोणत्याही गावी राहावे, बडोदे संस्थानासाठी ग्रंथ लिहावेत आणि त्याबद्दल दरमहा ५० रुपये घ्यावेत, असे ठरले. कलकत्त्याच्या उत्पन्नाच्या मानाने ही रक्कम फार लहान होती. धर्मानंदांनी ती आनंदाने स्वीकारली. बडोद्यातील व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे छोटेखानी पुस्तक १९१० मध्ये निघाले, आणि साध्या मराठीत तथागतांचा परिचय सामान्य वाचकापर्यंत पोहोचला.

येथे व्यवहाराची कसोटी दिसते. पुढे काही वर्षांतच भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाला परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणारे महाराज हेच. राजेपण आणि वैभव यांविषयी धर्मानंदांना आकर्षण नव्हते. संपत्तीच्या संचयाला ते अधर्माचे मूळ मानत. पण सयाजीरावांनी दिलेला शब्द पाळला, लेखनात ढवळाढवळ केली नाही, आणि हा व्यवहार स्वच्छ राहिला. धर्मानंदांनी राजसत्तेविषयीचे आपले मत बदलले नाही आणि त्या राजाविषयीची कृतज्ञताही लपवली नाही.

भांडारकरांशी जडलेला स्नेहही याच काळात फळाला आला. त्यांच्या पाठिंब्यामुळे मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले. १९१२ पासून १९१८ पर्यंत धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. त्यांच्या वर्गातून पु. वि. बापट यांच्यासारखे अभ्यासक तयार झाले. याच बापटांनी बौद्ध धर्माच्या २५०० वर्षांचा आढावा घेणारा ग्रंथ १९५६ मध्ये संपादित केला. आज महाराष्ट्रात पालीचे जे विद्यार्थी परीक्षेला बसतात, त्यांच्या पायाखालची पहिली फरसबंदी एका आस्तिक वृद्धाने आणि एका निरीश्वरवादी शिष्याने मिळून घातली आहे.

हार्वर्डचे दोन प्राध्यापक

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाशी धर्मानंदांचा संबंध आला तो प्रा. जेम्स वुड्स यांच्यामुळे. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या महाग्रंथाची संशोधित आवृत्ती हाती घेतली होती. पण १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले. ते पुरे करण्यासाठी १९१० मध्ये धर्मानंद प्रथम अमेरिकेस गेले. ग्रंथमालेचे संपादक होते प्रा. चार्ल्स लॅनमन. ते मोठे विद्वान होते. परंतु ग्रंथावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे जावे, या प्रश्नावरून दोघांत तीव्र मतभेद झाला. आपल्या श्रमाचे श्रेय दुसऱ्याच्या नावाखाली झाकले जाणे धर्मानंदांना मान्य नव्हते. १९१२ मध्ये ते मायदेशी परतले.

दुखावलेल्या माणसाने यातून एक सोपा निष्कर्ष काढला असता. गोरे लोक असेच, पाश्चात्त्य विद्वान असेच, असे म्हणून तो मोकळा झाला असता. पारतंत्र्याच्या त्या काळात अशा निष्कर्षाला टाळ्याही भरपूर मिळाल्या असत्या. धर्मानंदांनी लॅनमन यांच्या वागण्याचा दोष लॅनमन यांच्यापाशीच ठेवला. वुड्स यांच्याशी त्यांचा स्नेह अबाधित राहिला आणि त्या स्नेहापोटीच ते १९१८ मध्ये पुन्हा अमेरिकेस गेले. या वेळी त्यांनी कन्या माणिक आणि पुत्र दामोदर यांनाही शिक्षणासाठी सोबत नेले. श्रेयाचा वाद पुन्हा उपटला आणि १९२२ मध्ये ते पुन्हा परतले. तरीही १९२६ मध्ये आणि शेवटी १९३१ मध्ये ते गेले, आणि ते काम त्यांनी तडीस नेले. हार्वर्डची आवृत्ती छापून बाहेर येण्यास १९५० साल उजाडले. ती पाहण्यास धर्मानंद नव्हते. पण तोवर त्यांनी त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे प्रसिद्ध केली होती.

एका माणसाच्या अन्यायाचा हिशेब त्याच्या जातीच्या, धर्माच्या किंवा देशाच्या खात्यावर मांडायचा नाही, हा धडा आम्हाला या प्रकरणात दिसतो. त्यात अन्याय मुकाट्याने सोसणे मुळीच नाही. धर्मानंद दोन वेळा काम सोडून निघून आले, हे विसरून चालणार नाही.

जैन मित्र आणि मांसाहाराचा वाद

अमेरिकेतून परतल्यावर १९२२ मध्ये धर्मानंद अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात दाखल झाले. असहकाराच्या चळवळीतून गांधीजींनी स्थापिलेली ही राष्ट्रीय संस्था होती. तेथील पुरातत्त्व मंदिरात मुनी जिनविजय आणि प्रज्ञाचक्षू पंडित सुखलालजी यांच्यासारखे जैन विद्वान काम करीत होते. काकासाहेब कालेलकरही तेथेच होते. या मंडळींबरोबर रोज बसून धर्मानंदांनी जैन आगमांचा अभ्यास केला. बौद्ध आणि जैन या दोन श्रमण परंपरा शेजारी वाढल्या आणि एकमेकींवर टीकाही करीत राहिल्या. येथे त्यांचे दोन वारस एका चटईवर बसून एकमेकांचे ग्रंथ वाचत होते.

पण अभ्यासातून जे दिसले, ते धर्मानंदांनी निर्भयपणे मांडले. प्राचीन काळी जैन श्रमणही भिक्षेत मिळालेले मांस घेत असावेत, असे त्यांनी आगमांतील उताऱ्यांच्या आधारे लिहिले. पुढे ‘भगवान बुद्ध’ या १९४०–४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही त्यांनी हा विषय घेतला. त्याच प्रकरणात स्वतः बुद्धाच्या मांसाहाराची चर्चा त्यांनी आडपडदा न ठेवता केली होती. आपल्या शास्त्याला जो न्याय, तोच दुसऱ्याच्या तीर्थंकराला, अशी त्यांची रीत होती. तरीही जैन समाज दुखावला आणि निषेधाचे वादळ उठले.

आपत्तीत मनोबल कळते, हे वचन येथे दोन्ही बाजूंना लागू पडते. धर्मानंदांनी दबावाखाली मत मागे घेतले नाही. आणि त्या वादळामुळे जैन परंपरेविषयीचा त्यांचा आदरही आटला नाही. पंडित सुखलालजींसारख्या जाणत्या मित्रांनीही स्नेह तोडला नाही. याचे सर्वांत मोठे प्रमाण म्हणजे धर्मानंदांचा अखेरचा ग्रंथ. त्याचे नाव ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’. अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह हे पार्श्वनाथांचे चार याम हाच पुढील श्रमणधर्मांचा पाया होय आणि बुद्धाचा मार्गही याच भूमीवर उभा राहिला, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. जैनांचा अपमान केल्याचा आरोप ज्यांच्यावर झाला, त्यांनी आयुष्याच्या संध्याकाळी जैनांच्या तेविसाव्या तीर्थंकराला असे वंदन केले. हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये प्रकाशित झाला.

सत्याग्रही बौद्ध

आता आम्ही ज्या प्रश्नापासून आरंभ केला, त्याकडे येतो. १९२९ मध्ये धर्मानंद सोव्हिएट रशियातील लेनिनग्राड येथे बौद्ध विद्येच्या संस्थेत गेले होते. समाजवादाचे त्यांना मोठे आकर्षण होते; श्रमिकाला मिळणारा मान त्यांनी तेथे पाहिला. परंतु हिंसेच्या मार्गाने आलेली समता टिकेल, असे त्यांचे मन मानेना. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा ते परत आले होते. शिरोड्याच्या सत्याग्रहात ते सामील झाले, विलेपार्ल्याच्या छावणीत त्यांनी काम केले आणि तुरुंगवासही भोगला. जगभर मान्यता पावलेला हा चौपन्न वर्षांचा पाली पंडित स्वयंसेवकांच्या रांगेत उभा राहिला.

म्हणून ते गांधीजींचे अनुयायी झाले, असे समजणे चुकीचे ठरेल. १९३५ मध्ये त्यांनी ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात पुराणधर्मावर आणि जातिभेदावर कठोर टीका होती. ज्या भगवद्गीतेला गांधीजी आपली माता मानत, तिच्याविषयीही धर्मानंदांची मते अत्यंत परखड होती. अहिंसेला प्रज्ञेची जोड हवी आणि समतेच्या लढ्याला अहिंसेची, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींना हे सर्व ठाऊक होते. त्यांनी धर्मानंदांचा आदर कमी केला नाही. धर्मानंदांनीही गांधीजींच्या सहवासासाठी आपली टीका बोथट केली नाही.

जुगलकिशोर बिर्ला यांच्याशी असलेला संबंध यापेक्षा अवघड होता. बिर्ला हे निष्ठावान हिंदू. बौद्ध धर्म हा आर्यधर्माचाच एक भाग, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि सारनाथ व कुशीनगर येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी मोठा दानधर्म केला. १९३७ मध्ये परळच्या कामगार वस्तीत धर्मानंदांनी ‘बहुजन विहार’ सुरू केला, तो बिर्लांच्या देणगीतून. श्रमजीवी आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजापर्यंत धम्म पोहोचावा, हा त्यामागचा हेतू होता. हेतू उत्तम असला, तरी धनिकाच्या दानावर उभ्या राहिलेल्या विहारात बहुजनांचे मन कितपत रमेल, हा प्रश्न उरतोच. पुढे धर्मानंदांनी तो विहार सोडला. त्यांच्या या मैत्रीचा निर्णय पूर्णतः बरोबर होता, असे आम्ही म्हणणार नाही. एवढे मात्र निश्चित, की बिर्लांचे अन्न खाल्ले म्हणून पुराणधर्मावरील टीकेचे एक अक्षरही त्यांनी कमी केले नाही.

आणि बाबासाहेब? १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, तेव्हा धर्मानंद गांधीजींच्या परिवारातले मानले जात. दोघांचे राजकीय मार्ग वेगळे राहिले. तरी ग्रंथांच्या दुनियेत हे अंतर वेगळे दिसते. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात उठलेल्या कलहाचा सिद्धार्थाच्या गृहत्यागाशी संबंध जोडणारे विवेचन धर्मानंदांनी ‘भगवान बुद्ध’ मध्ये केले, आणि ‘बोधिसत्त्व’ या आपल्या नाटकातही तोच विषय घेतला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्राला एकाएकी वैराग्य आले, ही काव्यमय कथा त्यांना पटली नाही. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या बाबासाहेबांच्या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण हाच पाण्याचा कलह आहे. अभ्यासकांनी या साम्याकडे लक्ष वेधले आहे. आमच्या घराघरांत जो ग्रंथ आदराने वाचला जातो, त्यातील या प्रसंगाची वाट परळच्या बहुजन विहाराच्या संस्थापकाने आधी चालून पाहिली होती. बाबासाहेबांचे वाचन किती विशाल होते, हे आपण सांगत असतो. विरोधी छावणीतील माणसाचा ग्रंथ त्या छावणीच्या नावावरून बाजूला सारणारे ते वाचन नव्हते.

घरातही हीच कसोटी होती. पुत्र दामोदर हे थोर गणिती आणि पुढे मार्क्सवादी इतिहासकार म्हणून विख्यात झाले. पिता आश्रमाच्या वाटेने, पुत्र मार्क्सच्या वाटेने. भारताच्या प्राचीन इतिहासाकडे श्रमिकांच्या बाजूने पाहण्याची ओढ मात्र दोघांत सारखीच होती.

सेवाग्राम

सत्तरीच्या उंबरठ्यावर शरीर व्याधींनी जर्जर झाले. आपल्या हातून आता सेवा घडत नाही, उलट दुसऱ्यांना आपली सेवा करावी लागते, हे त्यांना असह्य झाले. उपवासाने देह ठेवण्याचा निश्चय करून १९४६ मध्ये त्यांनी दोहरीघाट येथे अन्न वर्ज्य केले. गांधीजींनी आग्रह धरला आणि त्यांनी तो उपवास सोडला. पुढे ते सेवाग्रामला आले. तेथे त्यांनी पुन्हा उपवास आरंभिला आणि ४ जून १९४७ रोजी शांतपणे देह ठेवला. आपल्या अंत्यविधीवर कमीत कमी खर्च व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

हा निर्णय सर्वांनी अनुकरणीय मानावा, असे आम्हाला वाटत नाही. धम्मात जीवनाचे मोल मोठे आहे. पण त्या अखेरच्या खोलीचे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. देह ठेवणारा बौद्ध होता. देह ठेवण्याची रीत श्रमणांच्या, विशेषतः जैनांच्या सल्लेखनेजवळची होती. शुश्रूषा करणारे आश्रमवासी राम आणि गीता यांचे नाव घेणारे होते. दिल्लीत फाळणीच्या आगीत होरपळणाऱ्या दिवसांतही गांधीजींनी प्रार्थनासभेत या मित्राची आठवण काढली आणि पालीच्या अभ्यासासाठी विद्यार्थ्यांना सिंहलद्वीपात पाठवावे, हेच त्यांचे खरे स्मारक होईल, असा विचार मांडला.

सोपाऱ्याच्या भूमीत

आमच्या विद्यालयापासून सोपारा फार दूर नाही. तेथील बुरुड राजाच्या कोटात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. जन्माने ब्राह्मण असलेल्या त्या विद्वानाने बौद्ध अवशेष ज्या हळुवारपणे उचलले, तीही एक मैत्रीच होती. परंपरा सांगते, की सोपाऱ्याचाच व्यापारी असलेला स्थविर पूर्ण याने सुनापरांत देशात धम्म नेला. निघताना भगवानांनी त्याला विचारले होते, की तिकडचे लोक उग्र आहेत. त्यांनी शिवीगाळ केली तर काय समजशील? पूर्णाने सांगितले, की हात उगारत नाहीत एवढे हे लोक चांगले आहेत, असे समजेन. हात उगारला, दगड मारले, शस्त्र चालवले, असे भगवान विचारत गेले आणि दर वेळी पूर्ण त्या लोकांत चांगुलपणाची एक खूण शोधत गेला. तो भित्रा नव्हता आणि भाबडाही नव्हता. आपला धम्म त्याने लपवला नाही. तो तेथे गेला आणि तेथेच राहिला.

वसई-विरारच्या या भूमीत जीवदानीचा डोंगर आहे, आगाशीचे जैन मंदिर आहे, वसईची जुनी चर्च आहेत, मशिदी आहेत आणि आमचे विहारही आहेत. आमच्या वसतिगृहातून बाहेर पडणारा विद्यार्थी उद्या या सर्वांच्या शेजारी नोकरी करील, भाड्याने खोली घेईल, गाडीला लोंबकळत प्रवास करील. कोणाशी मैत्री करावी आणि कोणापासून सावध राहावे, हे त्याला रोज ठरवावे लागेल. आम्ही त्याला एवढेच सांगू, की समोरच्याचा झेंडा पाहून घाईने निकाल देऊ नकोस. त्याच्यासोबत राहून पाहा, व्यवहार करून पाहा, अडचणीत तो कसा वागतो ते पाहा आणि त्याच्याशी मोकळेपणाने वाद घालून पाहा. मैत्रीसाठी सत्य सोडू नकोस, आणि मतभेदासाठी मैत्री सोडू नकोस.

आमच्या मंडळातील ज्यांनी आरंभी प्रश्न विचारला होता, त्यांनीच या लेखाची मुद्रिते तपासली आहेत. त्यांचे काही आक्षेप अद्याप मिटलेले नाहीत. आमची मैत्री तशीच आहे.

भवतु सब्ब मंगलं.